वाचक विचारतात : माशाच्या पिल्लाच्या अंगी लागतं ते काय?

मागच्या अंकात जिताडा या खाडीतल्या माशाचं बीज (तळ्यात सोडायची पिल्लं) विकत घेताना ते कसं पारखावं यावर लिहिलं होतं. जाळीतून काढून बघा, टबात ढवळून बघा, चटकन भानावर न येणारं बीज घेऊ नका, एवढाच त्याचा गाभा होता. त्यावर आलेली बरीचशी पत्रं एकाच ठिकाणी येऊन थांबतात : हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून पिल्लं वाढवतात तिथे, पिल्लाला जे खायला मिळतं, त्यातलं त्याच्या अंगात नेमकं काय उतरतं? म्हणून या महिन्यात सदराची सगळी जागा त्यालाच दिली आहे. पत्रं थोडी आखडती घेतली आहेत.

प्रश्न : ताई, आमचं गाव खारेपाटात, पेणच्या बाजूला. शेताला लागून जुनं तळं आहे. पूर्वी पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची पिल्लं धरून आणायचो नि तळ्यात सोडायचो. आता खाडीत पिल्लू सापडेनासं झालंय, म्हणून हॅचरीचं बीज आणतो. दोन ठिकाणांहून दोन खेपा आणल्या. दोन्ही बोटाच्या पेराएवढी, दिसायला सारखीच. एक खेप सोडली तशी पोहत निघून गेली. दुसरीतली निम्मी जाळीतून टबात काढतानाच आडवी झाली, अंग ताठ करून तडफडली आणि मेली. हॅचरीवाले म्हणतात, 'आर्टेमिया (पिल्लांना खायला देतात तो कोळंबीसारखा बारीक जीव) भरपूर दिला, उपाशी ठेवलं नाही.' मग असं कसं झालं?

उत्तर : उपाशी ठेवलं नसेलही. पण पोट भरलेलं पिल्लू आतून उपाशी असू शकतं, आणि समुद्री माशांच्या बीजात हे फार वेळा घडतं.

आधी वाहतुकीतली कारणं तपासून बाजूला काढा. पिशवीत दाटी होती का, प्राणवायू कमी पडला का, पिशवीतलं आणि तळ्यातलं पाणी यांच्या खारेपणात नि तापमानात मोठा फरक होता का? हे सगळं दोन्ही खेपांना सारखंच असेल आणि तरीही हात लागताच एकच खेप कोसळत असेल, तर माझा पहिला संशय खाद्यातल्या चरबीवर जातो. त्यातही डीएचए या एका मेदाम्लावर (मेदाम्लं म्हणजे चरबीचे घटक). औषधाच्या दुकानात 'ओमेगा-३' म्हणून ज्या गोळ्या मिळतात, त्यांत हेही असतं.

जिताड्याचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा जेमतेम दीड मिलिमीटरचं असतं. तोंड उघडलेलं नसतं, आतडं म्हणजे एक सरळ नळी, डोळ्यांत अजून काळा रंग उतरलेला नसतो. पोटाशी बलकाची पिशवी आणि त्या बलकात तेलाचा एकच गोल थेंब. सूक्ष्मदर्शकाखाली बाकीचं पिल्लू काचेसारखं आरपार दिसतं आणि हा थेंब तेवढा लख्ख चमकतो. आईने दिलेली चरबी ती एवढीच. साधारण दोन दिवसांनी तोंड उघडतं, डोळे काळे होतात आणि तिथून पुढे पिल्लाला शिकार करावी लागते.

खाडीत किंवा समुद्रात ही शिकार म्हणजे मुख्यतः कोपेपॉड या बारीक कवचधारी जीवांची पिल्लं. कोपेपॉडच्या अंगात डीएचए मुबलक असतं. हॅचरीत कोपेपॉड हवे तेव्हा, हवे तेवढे तयार करता येत नाहीत, म्हणून जगभरच्या हॅचऱ्यांनी दोन सोयीचे जीव निवडले. पहिले काही दिवस रोटिफर हा सूक्ष्म प्राणी, जो ०.१ ते ०.३ मिलिमीटरचा असतो, आणि पिल्लाचं तोंड मोठं झालं की आर्टेमिया. आर्टेमियाची सुकी अंडी डब्यात मिळतात. अमेरिकेतल्या युटा राज्यातलं ग्रेट सॉल्ट लेक हा त्यांचा मोठा स्रोत. डबा फोडा, खाऱ्या पाण्यात अंडी टाका, खालून हवा सोडा. दिवसभरात नारिंगी पिल्लांचा थर जमतो. सोय म्हणून याला तोड नाही. पण या नुकत्याच फुटलेल्या आर्टेमियाच्या अंगात डीएचए जवळजवळ नसतंच. हॅचरीवाल्यांनी तो कितीही भरपूर दिला, तरी जे त्यात नाही ते पिल्लाला मिळणार कुठून?

आता याच काळात पिल्लाच्या आत काय चाललेलं असतं ते बघा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मेंदू वाढतो, डोळ्याचा पडदा तयार होतो, कल्ले फुटतात. प्रत्येक नव्या पेशीला स्वतःचं पातळ आवरण लागतं, आणि ते आवरण मुख्यतः चरबीचं असतं. ज्या दिवशी जी चरबी हाताशी असेल, तिचं ते बनतं. डोळ्याच्या पडद्यात आणि मेंदूत डीएचए सगळ्यात जास्त लागतं. ते नाही मिळालं म्हणून शरीर बांधकाम थांबवत नाही. असेल त्या मेदाम्लांवर भागवून घेतं. पिल्लाची लांबी वाढते, कल्ले हलतात, पोट नारिंगी दिसतं. म्हणूनच तुमच्या दोन्ही खेपा पट्टीवर सारख्या दिसल्या.

फरक दिसतो तो पिल्लू अडचणीत आल्यावर. स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी १९९५ साली हेरिंगच्या छोट्या माशांवर प्रयोग केला. डीएचएविना वाढलेले मासे भर उजेडात ठीक खात. प्रकाश मंद केला की त्यांना भक्ष्य दिसेनासं होई. जपानमध्ये १९९८ साली यलोटेलच्या पिल्लांना वेगवेगळी मेदाम्लं भरलेला आर्टेमिया दिला गेला. ज्यांना डीएचए मिळालं ती थव्याने पोहू लागली. ज्यांना दुसरी मेदाम्लं मिळाली ती मोठी झाली, पण शेजारच्याच्या बरोबरीने वळणं त्यांना जमेना. हे प्रयोग मी वर्गात दरवर्षी सांगते, कारण त्यांत मरण्याच्या आकड्यांपलीकडचं काहीतरी दिसतं. ते मासे जिवंत होते, धडधाकट दिसत होते, आणि तरी मासा म्हणून जे यायला हवं ते त्यांना येत नव्हतं. हाताळताच ताठ होऊन मरणं हेही याच कमतरतेचं ओळखीचं लक्षण आहे.

यावर उपाय आहे, आणि चांगली हॅचरी तो रोज करते : पिल्लाला आर्टेमिया देण्याआधी आर्टेमियाला खाऊ घालायचं. हॅचरीच्या भाषेत एनरिचमेंट. आर्टेमिया म्हणजे नुसता डबा आहे. त्यात काय भरायचं ते आपल्या हातात. अंड्यातून नुकताच निघालेला आर्टेमिया काही खाऊ शकत नाही, त्याचं तोंड बंद असतं. सात-आठ तासांनी तो एकदा कात टाकतो आणि मग पाण्यातले बारीक कण गाळून खायला लागतो. काय गिळतोय याची निवड तो करत नाही. तेव्हा माशाच्या तेलाचं दुधासारखं इमल्शन किंवा डीएचएने भरलेल्या शायझोकायट्रियम या सूक्ष्मजीवाची पूड पाण्यात घालायची, बारा ते चोवीस तास जोरात हवा द्यायची. मग थोडा नमुना काचपट्टीवर घेऊन बघायचा. नारिंगी अंगाच्या मधून जाणारी आतड्याची रेघ भरलेली, काळपट दिसली तर काम झालं. रेघ रिकामी असेल तर त्या टाकीत काहीतरी बिघडलंय : हवा कमी पडली, दाटी जास्त झाली, किंवा तेल पाण्यात नीट फुटलंच नाही आणि वर तवंग धरून राहिलं.

इथवर बऱ्याच हॅचऱ्या येतात. घसरतात त्या पुढच्या पायरीवर. आर्टेमिया हे डीएचए साठवून ठेवत नाही. तो ते मोडतो, काही भागाचं ईपीए (दुसरं एक ओमेगा-३ मेदाम्ल) करतो, आणि गरम पाण्यात तर हे फार वेगाने होतं. संध्याकाळी टाकीत टाकलेला, रात्रभर न खाल्लेला आर्टेमिया सकाळी पुन्हा जवळजवळ रिकामा झालेला असतो. शिवाय आकाराने मोठा आणि चपळ. पिल्लू सकाळी तोच खातं. म्हणून आदल्या दिवशीचा उरलेला आर्टेमिया टाकीतून काढून टाकायचा, भरलेला साठा थंडाव्यात ठेवायचा आणि दिवसातून थोडा थोडा, अनेकदा द्यायचा. 'भरपूर दिला' हे वाक्य म्हणून मला काळजीत टाकतं. एकदम भरपूर दिलेला आर्टेमिया म्हणजे उरलेला आर्टेमिया.

पुढच्या खेपेला हॅचरीत जाल तेव्हा विचारा : आर्टेमियाला काय खाऊ घालता, किती तास, आणि उरलेल्याचं काय करता? ज्याला ही कामं रोज करायची सवय आहे तो न थांबता सांगेल, आणि बहुधा टाकीही दाखवेल. मग तुमच्यासमोर मूठभर बीज जाळीत काही क्षण पाण्याबाहेर धरायला सांगा आणि परत सोडा. काही मिनिटांत सरळ पोहू लागलं, तर घ्या.

प्रश्न : मॅडम, मी मत्स्यविज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रोहू-कटल्याला डीएचए बाहेरून द्यावं लागत नाही, ते साध्या मेदाम्लांपासून स्वतः बनवतात, असं पुस्तकात आहे. मग समुद्री माशालाच का जमत नाही? उलट समुद्रात राहूनही?

उत्तर : समुद्रात राहूनच. अठरा कार्बनच्या साध्या ओमेगा-३ पासून बावीस कार्बनचं डीएचए करायचं तर साखळी लांबवणारी आणि तिच्यात दुहेरी बंध घालणारी विकरं (एन्झाइम) लागतात. गोड्या पाण्याच्या अन्नसाखळीत ती साधी मेदाम्लं जास्त आणि तयार डीएचए कमी, त्यामुळे रोहू-कटल्यासारख्या कार्प माशांना हे काम घरीच करावं लागतं. समुद्रात सूक्ष्म शैवाल डीएचए बनवतं, कोपेपॉड ते खातो, मासा कोपेपॉड खातो. मासे खाणाऱ्या माशाला तर ते थेट भक्ष्यातूनच मिळतं. तयार माल पिढ्यान्‌पिढ्या मिळत राहिला आणि बहुतेक समुद्री माशांत ही विकरांची साखळी कुठे ना कुठे तुटलेली किंवा अगदी मंद राहिली.

'बहुतेक' हा शब्द मुद्दाम वापरला. २०१० साली चीनच्या किनाऱ्यावरच्या रॅबिटफिशमध्ये या साखळीतलं शेवटचं महत्त्वाचं पाऊल थेट टाकणारं विकर सापडलं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत असं विकर पहिल्यांदाच दिसलं होतं. हा मासा शैवाल आणि समुद्री गवत चरतो. तेव्हा गोडं पाणी की खारं, एवढ्यावर उत्तर लिहू नका. मासा त्याच्या निसर्गात काय खातो, तेही लिहा.

आणि एक गोष्ट परीक्षेसाठी नाही, पुढे हॅचरीत काम कराल त्यासाठी. डीएचए, ईपीए आणि ॲराकिडॉनिक आम्ल (हे ओमेगा-६ मेदाम्ल) ही तिन्ही पेशीच्या आवरणात जागा मिळवायला एकाच विकरांच्या दारात उभी असतात. ईपीए प्रमाणाबाहेर दिलं तर ते डीएचएची जागा बळकावतं. म्हणून नुसतं 'ओमेगा-३ किती टक्के' हे डब्यावर वाचून भागत नाही, त्यात डीएचए आणि ईपीए किती-किती आहेत ते बघावं लागतं. अनेक समुद्री माशांच्या बलकात डीएचए हे ईपीएच्या साधारण दुप्पट असतं. स्टर्लिंग विद्यापीठातले जॉन सार्जंट हेच सांगत आले की पिल्लाला काय द्यावं हे अंड्यालाच विचारा. मला ते फार पटतं. आपल्याकडे हॅचऱ्यांत रोटिफर वाढवायला सर्रास नॅनोक्लोरोप्सिस वापरतात. ते शैवाल उत्तम आहे, पण त्यात ईपीए भरपूर आणि डीएचए नाही. नुसत्या त्यावर वाढलेला रोटिफर गलेलठ्ठ दिसतो आणि नेमकं हवं ते त्याच्यात नसतं. जोडीला आयसोक्रायसिस हे शैवाल किंवा डीएचएचं इमल्शन हवंच.

जपानने याची किंमत फार आधी मोजली. रोटिफरसाठी शैवालाच्या मोठमोठ्या टाक्या लागायच्या, म्हणून तिथल्या हॅचऱ्या पावाच्या यीस्टकडे वळल्या. रोटिफर झपाट्याने वाढले आणि पिल्लं मोठ्या संख्येने मरू लागली. ताकेशी वातानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की यीस्टवरच्या रोटिफरमध्ये ही लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्लंच नव्हती. यीस्टलाच माशाचं तेल पाजून वाढवायचं, हा तोडगा तिथूनच निघाला. आज आपण जे एनरिचमेंट करतो त्याची मुळं त्या कामात आहेत.

प्रश्न : ताई, मी ठाण्यात राहते, घरी एंजल मासे आहेत आणि त्यांनी अंडी घातली आहेत. दुकानदार म्हणाला की पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून द्या. पिल्लांना कोंबडीचं अंडं चालतं का? की त्यांनाही तुमचं ते डीएचए घालू?

उत्तर : एंजल गोड्या पाण्यातला मासा आहे, त्याला डीएचएच्या इमल्शनची गरज नाही. ते विकत आणू नका.

बलकाचा सल्ला मात्र जुना असला तरी त्यात तथ्य आहे. बलकात फॉस्फोलिपिड (फॉस्फरस असलेली एक प्रकारची चरबी) भरपूर असतात. पिल्लाला चरबी पचवता येते, पण पचलेली चरबी आतड्याच्या पेशीतून उचलून रक्तात पाठवायची तर फॉस्फोलिपिडचं वेष्टण लागतं आणि कोवळ्या पिल्लाला ते स्वतः पुरेसं बनवता येत नाही. कागोशिमा विद्यापीठातल्या अकियो कानाझावा यांनी १९८० च्या सुमाराला आयू नावाच्या माशाच्या पिल्लांवर ही गरज दाखवली. पुढे सायप्रिनसच्या (कॉमन कार्पच्या) पिल्लांतही तेच दिसलं : खाद्यात फॉस्फोलिपिड नसले की आतड्याच्या पेशींतच चरबीचे थेंब साचून राहतात. पिल्लू तेल खातं आणि ते अंगी लागत नाही.

तरी बलकाने पाणी फार लवकर नासतं. द्यायचाच तर सुईच्या टोकावर येईल इतका आणि उरलेला तासाभरात नळीने ओढून काढायचा. त्यापेक्षा पिल्लं पोहायला लागली की नुकता फुटलेला आर्टेमिया द्या, थेट, काही न भरता. ग्रेट सॉल्ट लेकच्या आर्टेमियात अठरा कार्बनचं ओमेगा-३ भरपूर असतं आणि तुमच्या माशाला तेवढं पुरतं. समुद्री पिल्लाला जो अपुरा पडतो, तोच आर्टेमिया इथे उत्तम आहे. पुढे मोइना (पाणपिसू) मिळाला तर तोही द्या.

प्रश्न : मी सिंधुदुर्गात खाडीकाठी छोटी हॅचरी चालवायला घेतली आहे. अंडी चांगली फुटतात, पण चौथ्या दिवसापर्यंत पिल्लं तळाशी बसतात. रोटिफर भरलेला असतो, पाणी स्वच्छ असतं. चूक कुठे शोधू?

उत्तर : आईच्या ताटात शोधा. चौथ्या दिवसापर्यंत पिल्लाने जेमतेम रोटिफर पकडायला सुरुवात केलेली असते. तोवरचं त्याचं शरीर आईने दिलेल्या बलकातून आणि त्या तेलाच्या थेंबातून बनलेलं असतं. पिल्लाला पहिला रोटिफर दिसायला जो डोळा लागतो, तोसुद्धा. बलक कशाचा बनला हे मादीने आधीचे कित्येक आठवडे काय खाल्लं त्यावर ठरतं. भूमध्य समुद्रातल्या गिल्टहेड सी-ब्रीमची मादी हंगामभर अंडी घालत राहते. तिचं खाद्य बदललं की काही आठवड्यांतच अंड्यांतली मेदाम्लं बदललेली सापडतात.

तुम्ही जनकमाशांना काय देता ते पत्रात लिहिलेलं नाही. नुसती तारली देत असाल आणि ती शीतगृहात महिनोन्‌महिने पडलेली असेल, तर तिथून सुरुवात करा. तारलीच्या तेलात ओमेगा-३ आहे, पण हेच तेल सगळ्यात लवकर खवट होतं. गोठवलं तरी ते थांबत नाही, फक्त मंदावतं. बर्फ वितळल्यावर कातडीखाली पिवळसर झाक आणि रंगाच्या डब्यासारखा वास आला तर ती तारली टाकून द्या, कितीही जीव तुटला तरी. खवट तेल नुसतं निरुपयोगी नसतं, ते मादीच्या अंगातलं ई जीवनसत्त्वही खर्ची पाडतं. ताजी तारली आणि माकूल आलटून पालटून द्या, वर ई आणि क जीवनसत्त्व. हंगामाच्या आधी दोन-तीन महिने हे सुरू व्हायला हवं. अंडी घालायच्या आठवड्यात दिलेल्या चांगल्या खाद्याचा त्या बलकाला फार उपयोग नाही.

एक साधी तपासणी रोज करता येईल. अंडी फुटल्यावर थोडी पिल्लं वेगळ्या भांड्यात, काही न खाऊ घालता ठेवा आणि किती तग धरतात ते लिहून ठेवा. उपाशी पिल्लू आधी साठ्यातली साधी चरबी जाळतं, डीएचए जमेल तितकं वाचवून ठेवतं. बलक चांगला असलेल्या अंड्यांतली पिल्लं जास्त टिकतात. दोन माद्यांची पिल्लं शेजारी ठेवून पाहिल्यात तर कोणत्या टाकीच्या खाद्यात गडबड आहे ते तुमचं तुम्हालाच कळेल. चेन्नईच्या सीबा या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या संस्थेने १९९७ साली बंदिस्त टाकीत जिताड्याचं प्रजनन घडवलं, सीएमएफआरआय या सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तमिळनाडूतल्या मंडपम केंद्राने २०१० साली मोदशाचं (कोबियाचं). या दोन्ही ठिकाणी जनकमाशांच्या खाद्याविषयी प्रत्यक्ष पाहण्यासारखं पुष्कळ आहे. हंगाम संपल्यावर एकदा जाऊन या.

प्रश्न : माझा मुलगा नॉर्वेत हॅलिबटच्या हॅचरीत कामाला आहे. तो सांगतो की काही पिल्लं एका बाजूने पांढरीच राहतात आणि काहींचा डोळा सरकतच नाही. हे खाण्यामुळे होतं, असं तिथे म्हणतात. खरंच?

उत्तर : बरंचसं खरं. हॅलिबट आपल्या लेप्याच्या गोत्रातला, चपटा मासा. जन्मतो तेव्हा इतर माशांसारखा दोन बाजूंना दोन डोळे घेऊन. नंतर एक डोळा डोक्यावरून पलीकडे सरकतो, मासा आडवा होतो आणि वरच्या बाजूला रंग भरतो. थंड पाण्यात त्याचा बलक महिन्याहून जास्त पुरतो, म्हणजे आपल्या जिताड्याच्या मानाने फारच सावकाश कारभार. पण खायला लागल्यावर आणि डोळा सरकण्याआधी एक काळ असा असतो, की तेव्हा पोटात काय गेलं यावर पुढचं ठरतं. डीएचए कमी पडलं किंवा ॲराकिडॉनिक आम्ल जास्त झालं, तर वरची बाजू रंगत नाही. टर्बट आणि सोल या माशांतही हे दिसलं आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हॅलिबटच्या काही पिल्लांना निसर्गातले कोपेपॉड दिले आणि काहींना एनरिच केलेला आर्टेमिया. कोपेपॉड खाल्लेल्यांचा रंग चांगला भरला आणि डोळ्याचा पडदाही जास्त चांगला घडला. म्हणजे आर्टेमिया कितीही काळजीने भरला तरी कोपेपॉडची बरोबरी होत नाही. त्याचं एक कारण असं की आपण भरलेलं डीएचए त्याच्या अंगात मुख्यतः ट्रायग्लिसराइडच्या (साठवणीच्या साध्या चरबीच्या) रूपात बसतं, कोपेपॉडच्या अंगात बरंचसं फॉस्फोलिपिडच्या, आणि कोवळ्या आतड्याला दुसरं रूप जास्त मानवतं.

तो काळ उलटला की मग कितीही चांगलं खाऊ घाला, पांढरी बाजू रंगत नाही. तुमच्या मुलाला हे रोज डोळ्यांनी बघायला मिळतंय, याचा मला हेवा वाटतो. त्याला म्हणावं, या सदरासाठी लिही.

प्रश्न : हॅचरीच्या जिताड्यात खाडीच्या जिताड्यापेक्षा ओमेगा-३ कमी असतं का? आम्ही फक्त खाणारे आहोत. (गिरगाव)

उत्तर : पिल्लूपणी काय खाल्लं याचा तुमच्या तुकडीशी संबंध उरत नाही. दीड मिलिमीटरच्या जिवातली चरबी किलोभराच्या माशात कुठल्या कुठे विरून जाते. तुकडीतली चरबी ठरते ती शेवटच्या काही महिन्यांच्या खाद्यावर. मासळीचं तेल घातलेल्या खाद्यावर किंवा ताज्या मासळीवर वाढलेला असेल तर ओमेगा-३ चांगलं मिळेल. सोयाबीनच्या तेलावर भर असेल तर ओमेगा-६ जास्त. विकणाऱ्याला माशाचं खाद्य विचारा.

प्रश्न : उजनीच्या पाणलोटात माझी दोन संगोपन तळी आहेत. कटला-रोहूचे मत्स्यजिरे (अगदी नवजात पिल्लं) आणून अर्धबोटुकलीपर्यंत वाढवतो. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा देतो. कुणी सांगितलं की त्यात कॉड लिव्हर तेल मिसळा, वाढ दुप्पट होईल. मिसळू का?

उत्तर : नको. पैसे वाचवा. वर लिहिलंय तसं रोहू-कटल्याला तयार डीएचए लागत नाही, त्याला लागतात अठरा कार्बनची साधी मेदाम्लं, ओमेगा-३ आणि ओमेगा-६ दोन्ही. शेंगदाणा पेंडीत दुसरं भरपूर आहे आणि पहिलं जवळजवळ नाही. ते येतं तळ्यातल्या प्लवंगातून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांतून. म्हणून जिरे सोडण्याआधी शेण टाकून, पाणी हिरवट-तपकिरी करून, त्यात मोइना-रोटिफर वाढू देणं हे काम पेंडीपेक्षा मोठं आहे. जिऱ्यांचे पहिले दिवस प्राणिप्लवंगावरच जातात. त्या दिवसांत पेंड कमी झाली तरी चालेल, प्लवंग नसलं तर चालणार नाही. प्लवंगाच्या बारीक जाळीतून पन्नास लिटर पाणी गाळा आणि खालच्या नळीत किती थर बसतो ते बघा. थर विरळ असेल तर जिऱ्यांची गाडी दोन दिवस पुढे ढकला.

तुमच्या पत्रातली मला खरी काळजी वाटते ती कोंड्याची. गिरणीत भात सडून कोंडा निघाला की कोंड्यातलं विकर तेलाला लगेच भिडतं आणि कोंडा खवट व्हायला लागतो. पावसाळ्यात, म्हणजे नेमका तुमच्या हंगामात, आणखी झपाट्याने. पोत्यात हात घातल्यावर कोंडा कोमट लागला, गोळे झाले असतील किंवा जिभेवर कडवट आला, तर तो जिऱ्यांना देऊ नका. गिरणीतून थोडा थोडा ताजा आणा, पोती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, आणि एका वेळी आठवडाभर पुरेल एवढाच साठा करा.